एक जूनची जन्मतारीख आणि विकासाच्या पायऱ्या

मागच्या वेळी आपण ‘स्व’ म्हणजे काय या प्रश्नापाशी थांबलो होतो. तो ‘स्व’ जन्मतः असतो की घडत जातो, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. तेव्हा आज घडण्याकडेच वळू. विषयाचं नाव आम्ही पाठ्यपुस्तकातूनच उचललं आहे: मानवी विकासाच्या मूलभूत संकल्पना, गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत. ऐकणाऱ्यांत शिक्षक बरेच आहेत आणि टीईटीची तयारी करणारेही आहेत. त्यांना हे नाव पाठ असणार. बालमानसशास्त्राचे तीस गुण असतात आणि त्या तीस गुणांसाठी शैशव, बाल्य, कुमार, प्रौढ, वृद्ध अशी ही माळ जपावी लागते.

आज आपण ती माळ जपणार नाही, एकेक मणी हातात घेऊन तपासणार आहोत. त्यासाठी कुठे लांब जायची गरज नाही, आपला नंदुरबार जिल्हा पुरेसा आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा जिल्हा. दोन-तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या आदिवासी. मानव विकासाच्या राज्य अहवालांत आपलं नाव तळाशी असतं. आता भाषेची गंमत बघा. मुलाचा होतो तोही विकास, जिल्ह्याचा राहून जातो तोही विकास, आणि धरण बांधायचं म्हणून गाव उठवतात तेव्हा अधिकारी ज्याचं नाव घेतात तोही विकासच. संस्कृतात विकास म्हणजे उमलणं. कळीच्या आत जे आहे ते बाहेर येतं, अशी ती कल्पना. ॲरिस्टॉटलसुद्धा बी आणि झाड यांचाच दाखला देतो. या रूपकात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कळीला पाणी मिळतंच.

सुरुवात वयापासून करू, कारण पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या वयावर उभ्या आहेत. शून्य ते दोन, दोन ते सहा, सहा ते बारा. आता तुमच्यापैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो, ते मनातल्या मनात सांगा. आमचाही येतो. महाराष्ट्रातल्या खेड्यांत एका विशिष्ट पिढीचा निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला आहे. ज्योतिषाला विचारलं तर तो चक्रावेल. कारण साधं आहे. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्माची नोंद नाही, आई सांगते की ‘मोठा पूर आला त्या साली’ किंवा ‘याच्या बहिणीच्या पाठीवर दोन पावसाळ्यांनी’. हेडमास्तर हिशेब करतात, शाळा जूनमध्ये उघडते, त्या तारखेला वय पुरं भरायला हवं, म्हणून लिहितात १ जून. झालं. पुढे हीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीवरून पेन्शनीत.

पण हेडमास्तर नुसता अंदाज करत नसत, हे लक्षात घ्या. जुनी माणसं सांगतात, पोराला उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर पोरगं शाळेचं झालं. हसू नका. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं आणि हात आखूड असतात. पाच-सहा वर्षांच्या सुमाराला हातापायांची लांबी वाढते आणि कान हाताला लागतो. म्हणजे हेडमास्तर मोजत होते ते शारीरिक विकासाचं वय, आणि कागदावर उतरत होतं ते कॅलेंडरचं वय. पाठ्यपुस्तकात ‘कालिक वय’ आणि ‘विकासात्मक वय’ असा फरक मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये हे दोन्ही एकाच रकान्यात मिसळून गेलेले आहेत आणि तिथून ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

आता यात अडचण काय? ज्याला पोटभर खायला मिळालं नाही त्याची वाढ मागे पडते, कान उशिरा हाताला लागतो. तो सात-आठ वर्षांचा असून सहाचा ठरतो. म्हणजे उपासमारीची दोन वर्षं त्याच्या आयुष्यातून कागदोपत्री पुसली जातात.

हे केवळ जुन्या काळचं नाही. अंगणवाडीत वजन घेतात आणि ते वयाशी ताडून पाहतात. वयाच्या मानाने वजन कमी, वयाच्या मानाने उंची कमी, या दोन्ही मापांत ‘वय’ हा छेद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, आपल्या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. आता डोंगरातल्या पाड्यावर, घरीच बाळंत झालेल्या बाईच्या मुलाचं वय नोंदवायचं आहे अशी कल्पना करा. मूल लहानखुरं दिसतं. लिहिणारा म्हणतो, दीड वर्षाचं असेल. खरं ते अडीचचं आहे. दीड वर्षाच्या मानाने त्याचं वजन ठीक, उंची ठीक, हिरव्या पट्ट्यात. म्हणजे मूल खुरटलं म्हणून त्याचं वय कमी धरलं, आणि वय कमी धरलं म्हणून ते खुरटलेलं राहिलं नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही चक्रक दोष शिकवत असू, तेव्हा उदाहरणांसाठी धूर आणि अग्नी घ्यायचो. हे उदाहरण जास्त चांगलं होतं.

म्हणून दंडघेराची पट्टी आम्हाला फार शहाणी वस्तू वाटते. सहा महिन्यांच्या पुढचं आणि पाच वर्षांच्या आतलं मूल आहे, एवढं कळलं की पुरे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित. अंगणवाडीच्या बोलीत ‘सॅम’. त्या पट्टीला जन्मतारीख लागत नाही. उंचीच्या मानाने वजन, या मापालाही लागत नाही. ज्यांनी ही मापं शोधली त्यांना तत्त्वज्ञानात रस नसेल, पण जिथे वय माहीत नाही तिथे वयाशिवाय मुलाकडे कसं पाहायचं, हा प्रश्न त्यांनी सोडवला. आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांनी तो अजून नीट मांडलेलासुद्धा नाही. मात्र एक सांगायला हवं. दंडघेर आजची झीज दाखवतो, वर्षानुवर्षांचं खुरटणं दाखवत नाही. त्यासाठी वय लागतंच. म्हणजे जन्माच्या नोंदीतून सुटका नाही. २०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला, ते योग्यच झालं. प्रश्न त्याआधी जन्मलेल्यांचा आहे, आणि ते आपण सगळे आहोत.

आधारचंही सांगून टाकू, कारण आधारची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० ला टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या गावाचं नाव देशभर झालं. जिथे माणसं आपल्या जन्माचा दिवस सांगू शकत नव्हती तिथूनच ही सुरुवात व्हावी, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. आधारवर नुसतं वय सांगणाऱ्यांच्या नशिबी १ जानेवारी आली. म्हणजे शाळेत गेलेले एक जूनचे, न गेलेले एक जानेवारीचे. आपल्याकडे दोनच राशी! पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला धरावा. त्या दाव्यात मृताचं वय किती धरायचं यावर भरपाईचा गुणक ठरणार होता. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर आहे. पण त्या दाखल्यामागे किती ठिकाणी हेडमास्तर आणि तो कान उभा असेल, हे आपण जाणतो.

आता मोठ्या नावांकडे येऊ. रॉबर्ट हॅविगहर्स्ट. विकासात्मक कार्यांची कल्पना यांची, १९४८ ची. प्रत्येक टप्प्यावर माणसाला काही कामं पार पाडावी लागतात, ती वेळेत पार पडली तर सुख आणि पुढच्या कामात यश, नाही तर खंत आणि समाजाची नापसंती. बी.एड.च्या पुस्तकांत यांच्या याद्या आजही जशाच्या तशा छापतात. त्या याद्या नीट वाचा. व्यवसायाची निवड करणे, जोडीदार निवडणे, निवृत्तीशी आणि घटलेल्या उत्पन्नाशी जुळवून घेणे. निवड, निवड आणि निवृत्ती! शिकागोच्या मध्यमवर्गीय माणसाचं वेळापत्रक आहे हे. त्या माणसाबद्दल ते खरंही असेल. पण ‘मानवी विकास’ या मथळ्याखाली ते आलं की आपल्याकडचा माणूस प्रत्येक टप्प्यावर नापास दिसू लागतो. आमच्या टीकेचा रोख हॅविगहर्स्टवर कमी आहे. ते स्वतः म्हणत होते की यातली काही कामं शरीरामुळे येतात, काही संस्कृतीमुळे, काही व्यक्तीच्या इच्छेमुळे. आपल्या पुस्तकांनी हे वाक्य गाळलं आणि यादी ठेवली. यादीवर प्रश्न काढता येतो ना.

आपल्या जिल्ह्यातली यादी कशी दिसेल? दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबं खाली उतरतात, ऊसतोडीला, गुजरातच्या साखर कारखान्यांकडे. ऊसतोडीत हिशेबाचं एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्याचा अर्धा कोयता. इथे लग्न ही ‘जोडीदार निवडण्याची विकासात्मक कामगिरी’ राहत नाही. मजुरीच्या बाजारात पूर्ण एकक होण्याची ती अट होते. मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी पंधराची, आणि घरावर उचल फेडायची आहे. अशा घरात जाऊन पौगंडावस्थेतल्या ओळख-संभ्रमावर बोलणारा माणूस कसा दिसेल? आणि त्या कोपीवर आठ वर्षांची मोठी बहीण असते, कडेवर वर्षाचं भावंड. पुस्तकाच्या हिशेबाने ही ‘उत्तर बाल्यावस्था’, समवयस्कांच्या टोळीत खेळण्याचं वय. तिच्या बाबतीत एरिक्सन ज्याला प्रौढपणीचं लक्षण म्हणतात ते, म्हणजे पुढच्या पिढीची काळजी वाहणं, आठव्या वर्षीच सुरू झालेलं असतं.

एरिक्सनबद्दल थोडं थांबून बोलू, कारण या सगळ्यांत तो माणूस आम्हाला मोठा वाटतो. एरिक एरिक्सन, जन्म १९०२, फ्रँकफर्ट. जन्मदात्या बापाचं नाव त्यांना कधी कळलं नाही. सावत्र बापाचं आडनाव लावलं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेताना ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतःच घेतलं. ओळखीचा पेच हा त्यांच्यासाठी पुस्तकातला विषय नव्हता. १९५० च्या ग्रंथात त्यांनी आठ अवस्था मांडल्या, प्रत्येक अवस्थेत एक ताण: विश्वास की अविश्वास, स्वायत्तता की लाज, असं करत शेवटी परिपूर्णता की नैराश्य. त्याच ग्रंथात अमेरिकेतल्या दोन आदिवासी जमातींच्या बालसंगोपनावर प्रकरणं आहेत. आपल्या पुस्तकांत आठ अवस्थांचा तक्ता येतो, ती प्रकरणं येत नाहीत. पुढे ते अहमदाबादला आले, १९१८ च्या गिरणी संपावरून गांधींवर ग्रंथ लिहिला, तो १९६९ चा. सुधीर कक्कर त्यांच्याच परंपरेतले. त्यांनी आपल्या आश्रमव्यवस्थेची आणि एरिक्सनच्या अवस्थांची तुलना केली. ती वाचायला गोड वाटते, पण आम्हाला ती पुरी पटत नाही. चार आश्रम ही त्रैवर्णिक पुरुषाची रूपरेषा होती. तिच्यात स्त्रीचं ब्रह्मचर्य नाही, कुणब्याचा वानप्रस्थ नाही, भिल्ल-पावरांचं तर काहीच नाही. शिकागोची यादी काढून तिथे मनुस्मृतीची लावली तर आपल्या अक्राणीच्या माणसाला काय फरक पडला?

एरिक्सनच्या पाचव्या अवस्थेत एक महत्त्वाची कल्पना आहे: सवलतीचा काळ. शरीराने मोठं झालेल्या मुलाला समाज काही वर्षं मोकळीक देतो, भूमिका करून बघ म्हणतो, चुकलास तरी चालेल म्हणतो. त्यातून ओळख घडते. खरं आहे. पण ही मोकळीक कुणी तरी पोसावी लागते. घरात दुसरा कमावता हवा, कॉलेज हवं, वेळ हवा. म्हणजे कुमारावस्था ही काही अंशी शरीराची गोष्ट आहे आणि काही अंशी मिळकतीची. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली या वयाला वादळाचं वय म्हटलं. आपल्या शहरात मात्र एक वेगळं स्मारक उभं आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता हातात झेंडा घेऊन पोलिसांच्या गोळीला सामोरा गेला, तेव्हा त्याला सोळावं पुरं झालं नव्हतं. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. आजच्या कायद्याने तो बालक. त्याचं ते कृत्य ‘ओळख-संभ्रम’ म्हणायचं की परिपक्व नैतिक निर्णय? दरवर्षी त्याच्या स्मारकाला हार घालणारे आपण सोळा वर्षांच्या मुलांना वर्गात मत विचारत नाही. त्यांच्या बोलण्याला पौगंडावस्थेचा वात्रटपणा म्हणतो.

कायद्याने आखलेल्या रेषा तरी कुठे स्थिर आहेत? १८९१ साली मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायला निघाले तेव्हा पुण्यात केवढं रणकंदन झालं. टिळक एका बाजूला, सुधारक दुसऱ्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ साली ते अठरा झालं. याच काळात मुलींचं शरीर काही एवढं बदललं नाही. समाजाने बालपण लांबवत नेलं, आणि आमच्या मते चांगलं केलं. फक्त हे कुणी तरी लढून मिळवलेलं आहे, निसर्गाच्या वहीत ते लिहिलेलं नव्हतं, एवढं शिक्षकाला माहीत असावं.

नर्मदेचं उदाहरण याहून टोकदार आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं आली, मणिबेली त्यांतलं पहिलं. पाणीवाटप लवादाने १९७९ च्या निवाड्यात पुनर्वसनाचा एक नियम घातला: प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब धरावं. त्या काळाच्या मानाने हा नियम उदारच. पण सज्ञान म्हणजे अठरा पूर्ण, ठरलेल्या तारखेला. आता जिथे जन्मनोंद नाही, शाळा नाही, म्हणजे एक जूनसुद्धा नाही, तिथे अठरा कसे मोजणार? गावात तो केव्हाच कर्ता झालेला असतो. नांगर धरतो, बायको आहे, पोर आहे. कागद म्हणतो, सिद्ध कर. ‘प्रौढावस्था केव्हा सुरू होते’ हा परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. इथे त्याच्या उत्तरावर स्वतंत्र कुटुंब म्हणून मिळणारा हक्क अवलंबून होता. आणि सज्ञान मुलगी? तिचा त्या नियमात उल्लेखच नाही. ती कितीही वर्षांची झाली तरी प्रौढ झालीच नाही, असा त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू, नाही तर आमचं बोलणं एकांगी होईल. हे सगळं ऐकून काही मित्र म्हणतात, सर, मग या अवस्था-बिवस्था पाश्चात्त्यांचं खूळच की. आदिवासींचं बालपण वेगळं, त्यांना त्यांच्या पद्धतीने जगू द्या. या बोलण्यात आदर वाटतो, पण त्यात धोका आहे आणि आम्ही त्याच्या विरोधात आहोत. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस अक्राणीत आणि अमेरिकेत सारखेच नाजूक असतात. त्या काळात लोह, प्रथिनं, आईचं दूध, बोलणारं माणूस मिळालं नाही तर होणारं नुकसान संस्कृतीप्रमाणे बदलत नाही. पंधराव्या वर्षी गर्भार राहिलेल्या मुलीचं शरीर अजून स्वतः वाढत असतं, मग ती लग्नाला परंपरा म्हणो की आणखी काही. संकल्पना सरसकट फेकून दिल्या तर आपण कुपोषणाला जीवनशैली म्हणू लागू. तेव्हा निवड करावी लागते. शरीराच्या वाढीचा क्रम, भाषा शिकण्याचा संवेदनक्षम काळ, पहिल्या माणसाशी जुळणारी नाळ, या गोष्टी सगळ्यांच्या. नोकरी, निवड, सवलतीचा काळ, निवृत्ती, या परिस्थितीच्या. पुस्तकं दोन्ही एकाच तक्त्यात, एकाच जाडीच्या अक्षरांत छापतात, आमचं भांडण तेवढ्याशी आहे.

पॉल बाल्टिस यांना म्हणूनच आम्ही या विषयातला सर्वांत उपयोगी माणूस मानतो. त्यांचा १९८७ चा लेख मूळातून वाचा. ते म्हणतात विकास जन्मभर चालतो, एकाच दिशेने चालत नाही, प्रत्येक टप्प्यावर काही मिळतं आणि काही जातं. माणसावर तीन प्रकारचे प्रभाव पडतात. वयाप्रमाणे येणारे, जसं दात पडणं. इतिहासाप्रमाणे येणारे, जसं युद्ध, दुष्काळ. आणि कुणा एकावरच कोसळणारे. बघा, या एका विभागणीने आपला जिल्हा समजायला लागतो. धरण हे ऐतिहासिक. पण ते पाच वर्षांच्या मुलावर, पंचविशीच्या बाईवर आणि साठीच्या म्हाताऱ्यावर वेगवेगळं कोसळलं. मुलगा सपाटीवर गेला, नवी बोली शिकला, त्याला बस मिळाली, शाळा मिळाली. म्हाताऱ्याला कोणती वनस्पती कुठल्या कपारीत मिळते हे ज्ञान होतं, आणि ती कपारच पाण्याखाली गेली. त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे. जे आठवतं ते कुठे वापरायचं हा प्रश्न. मानसशास्त्रात वृद्धांच्या बौद्धिक ऱ्हासाच्या चाचण्या असतात. असा ऱ्हास मोजणारी चाचणी आमच्या पाहण्यात नाही.

मुलाच्या बाजूनेही एक तोटा आहे. तो घरी पावरी, भिली, मावची बोलतो आणि पहिलीत त्याच्यापुढे प्रमाण मराठीचं पुस्तक येतं. आपल्या सपाटीच्या अहिराणी मुलालाही ते परकंच, पण निदान मावशीसारखं. डोंगरातलं मूल गप्प बसतं, आणि शिक्षक नोंद करतो, ‘भाषिक विकास मंद’. भाषिक विकास घरी जोरात चाललेला असतो, ऐकणाऱ्याला ती भाषा येत नसते. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी पहिल्या वर्षांत मुलांची बोली वर्गात आणली, त्याचं महत्त्व आम्हाला राजकारणापलीकडे वाटतं.

याहून जुनं उदाहरण कोसबाडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात, आज तो भाग पालघरमध्ये येतो, वारली मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, कारण गुरं राखायला जायची. ताराबाई मूळच्या माँटेसोरीच्या पठडीतल्या. त्या पठडीचं सामान महाग, खोली नीटनेटकी, मूल ठरावीक वयाचं. त्यांनी काय केलं? शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत. सामान म्हणून बिया, पानं, गोटे. धाकट्या भावंडाला सोडून मोठी बहीण येत नाही ना, मग धाकट्यालाही आणा, त्याला बालवाडीत ठेवा. आम्ही असं म्हणू की बाल्टिसच्या कितीतरी आधी या दोघींनी विकासाच्या संकल्पनेवर टीका लिहिली, फक्त ती कागदावर लिहिली नाही. माँटेसोरीचं जे सगळ्या मुलांचं होतं ते ठेवलं, हातांनी शिकणं, स्वतःच्या गतीने शिकणं. जे इटलीचं होतं ते सोडलं. बालमानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत पियाजे येतात, कोसबाड फारसं येत नाही.

वार्धक्याचं शेवटी बोलू, वेळही संपत आला आहे आणि विषयही आमच्या जवळचा आहे. इथेही तेच आकडे. साठीला ज्येष्ठ नागरिक, पासष्टीला श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन आणि एसटीचं अर्धं तिकीट, पंचाहत्तरीला ‘अमृत’, म्हणजे एसटी फुकट. म्हणजे सरकारने म्हातारपणाच्याही तीन इयत्ता केल्यात. पण जी बाई तेराव्या वर्षापासून मजुरीला जाते, जिची सहा बाळंतपणं झाली, तिचं शरीर पन्नाशीतच म्हातारं झालेलं असतं. साठीचं निवृत्त होणं तिला कुठून? निवृत्त व्हायला आधी नियुक्ती लागते. कागदावर तिचं वय १ जानेवारीचं, तेही अंदाजे. अंदाज पाच वर्षांनी कमी धरला गेला असेल तर तिचं निवृत्तिवेतन पाच वर्षं लांबलं. मघाच्या अंगणवाडीतल्या मुलाची गोष्ट आठवा. तीच चूक, आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला.

एरिक्सन म्हणतात, शेवटच्या अवस्थेत माणूस मागे वळून आपलं आयुष्य सबंध पाहतो, आणि ते स्वीकारता आलं तर परिपूर्णता. ते नव्वदीच्या घरात गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी जोन यांच्या लक्षात आलं की आठवी अवस्था फार तरुणपणी लिहिली गेली होती. त्यांनी नंतर नववी जोडली, जिच्यात शरीर साथ सोडतं आणि पहिल्या अवस्थेतला विश्वास-अविश्वासाचा झगडा पुन्हा सुरू होतो. आम्हाला हे फार खरं वाटतं. आधाराचा हात मिळेल की नाही, हा तान्ह्या बाळाचा प्रश्न म्हाताऱ्याचाही होतो. आणि आपल्याकडे तर शेवट नसलेल्या म्हातारपणाची कथाच आहे. दिवाळीत हजारो तरुण अस्तंबा चढतात. डोंगरावर अश्वत्थामा आहे अशी श्रद्धा. भरून न येणारी जखम घेऊन तो तेल मागत फिरतो, त्याला मरण नाही. आयुष्याचा शेवटच काढून घेतला तर त्याला बाल्य, तारुण्य, वार्धक्य असे टप्पेही राहत नाहीत, उरते ती फक्त जखम. चढणारी पोरं विशीतली असतात, ती हे सगळं मनात आणत नाहीत, पायांतली ताकद बघायला जातात. ते त्या वयाला शोभतंच.

एक प्रश्न इथे चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो आणि थांबतो. एक शिक्षिका विचारतात, ‘हे सगळं मान्य, पण मला सोमवारी पहिलीच्या वर्गात उभं राहायचं आहे. मी काय करू?’ बाई, दोन कामं. तुमच्या वर्गातल्या मुलांची जन्मतारीख बघताना पालकांना एकदा विचारा, हा कुठल्या सणाच्या आगेमागे झाला, याच्या वरचं भावंड किती मोठं. उत्तर आणि रजिस्टर जुळलं नाही तर मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. पहिलीतच दुरुस्ती सोपी असते, दहावीच्या प्रमाणपत्रावर तारीख छापली गेली की वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. आणि जे मूल वर्गात गप्प आहे, त्याला मधल्या सुट्टीत त्याच्या बहिणीशी बोलताना लांबून ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालतील. तो किती वेळ बोलतो, बहिणीला हसवतो का, भांडतो का, गोष्ट सांगतो का, तेवढं वहीत लिहा. मग ‘भाषिक विकास’चा रकाना भरा.

पुढच्या वेळी कोहलबर्ग आणि नैतिक विकास. ज्यांना जमेल त्यांनी तोवर बाल्टिसचा लेख वाचून ठेवा.